पैसे देऊन कोंडून घ्यावे

पैसे मोजून स्वतःला एका खोलीत कोंडून घ्यायचे आणि मग तासाभरात तिथून बाहेर पडण्यासाठी जिवाचा आटापिटा करायचा, ह्या उद्योगाला खेळ म्हणावे की वेड, ह्याबद्दल आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही. आजीचे म्हणणे असे की, कोंडून घेण्याची एवढीच हौस असेल तर माळ्यावरची खोली रिकामी आहे आणि तिथे कोणी तिकीट लावत नाही. आजीशी वाद घालण्याचे धाडस मी केलेले नाही. परंतु ह्या खेळाने गेले वर्षभर आम्हां मित्रमैत्रिणींना जे वेड लावले, ते निव्वळ कुलपांचे वेड नव्हे, एवढे मात्र आता सांगता येईल. म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्या खेळाला सर्वत्र ‘एस्केप रूम’ म्हणतात. आपण ‘सुटकेची खोली’ म्हणू. चार ते सहा जणांचा गट एका सजवलेल्या खोलीत जातो. खोली कधी एखाद्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा असते, कधी तुरुंग, तर कधी ओसाड वाडा. आत पेट्या, कपाटे, चित्रे, चिठ्ठ्या आणि मुख्य म्हणजे कुलपे. एका कोड्याचे उत्तर म्हणजे एका कुलपाचा आकडा, त्या कुलपाआड दुसरे कोडे, असे करीत शेवटचे दार गाठायचे. भिंतीवर साठ मिनिटांचे घड्याळ उलटे चालू असते. बाहेर बसलेला नियंत्रक कॅमेऱ्यातून सारे पाहत असतो आणि गट फारच अडला तर एखादी सूचना देतो. सुटका म्हटली की मराठी मनाला १६६६ सालचे आग्रा आठवणारच. पण तिथल्या पहारेकऱ्यांनी मागितल्यावर सूचना दिल्याचे ऐकिवात नाही, तेव्हा ती तुलना इथेच सोडून देतो.

खेळ फार जुना नाही. जपानमधील क्योटो शहरात ‘स्क्रॅप’ नावाचे फुकट वाटले जाणारे एक नियतकालिक होते. ते काढणाऱ्या ताकाओ कातो ह्यांनी २००७ साली असा पहिला कार्यक्रम केला. (नियतकालिक काढणारी माणसे अखेर कुलपे लावण्याच्या धंद्यात शिरतात, ह्याची आमच्या संपादक मंडळाने नोंद घ्यावी.) त्या वेळी संगणकावर असे खेळ चालत असत. पडद्यावरच्या खोलीत वस्तू शोधायच्या आणि त्या जुळवून बाहेर पडायचे. कातो ह्यांनी पडद्यावरची खोली प्रत्यक्षात आणली. पुढे २०११ साली हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे आत्तिला ग्युर्कोविच ह्याने ‘पारापार्क’ सुरू केले, आणि तिथून युरोपभर ह्या खोल्यांचे पेव फुटले. दोनचार वर्षांतच हा खेळ आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही आला.

दूरचित्रवाणीने मात्र ह्याची चव आधीच दाखवली होती. १९९० साली ब्रिटनमध्ये ‘द क्रिस्टल मेझ’ आणि फ्रान्समध्ये समुद्रातल्या एका किल्ल्यावर ‘फोर्ट बोयार’ असे दोन कार्यक्रम सुरू झाले. पहिल्यातला एक नियम मला फार मार्मिक वाटतो. गटातील एक जण एका खोलीत जाऊन काच-स्फटिक मिळवायचा. वेळ संपली आणि तो बाहेर आला नाही, तर तो आत कोंडला जाई. त्याला सोडवायचे तर गटाने आधी मिळवलेला एक स्फटिक द्यावा लागे, आणि प्रत्येक स्फटिक म्हणजे शेवटच्या खेळातली पाच सेकंदे. मित्र हवा की पाच सेकंदे, असा तो प्रश्न. आणि गट काही वेळा मित्राला तसाच ठेवून पुढे जात.

अंगमेहनतीच्या खोल्यांचा प्रकार आणखी निराळा. स्वीडनमध्ये ‘बोडा बोर्ग’ नावाची केंद्रे आहेत आणि २०१५ पासून अमेरिकेत बॉस्टनजवळच्या माल्डन गावीही एक केंद्र सुरू झाले. माझा मावसभाऊ तिकडे शिकायला असताना मित्रांबरोबर तिथे जाऊन आला. तीन ते पाच जणांनी खोलीत शिरायचे. काय करायचे ते कोणीही सांगत नाही. कुठे जमिनीला पाय न लावता पलीकडे जायचे असते, कुठे भिंतीला धरून सरकायचे, कुठे योग्य बटण योग्य क्षणी दाबायचे. चुकले की लाल दिवा लागतो आणि साऱ्या गटाला बाहेर येऊन पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात करावी लागते. मावसभाऊ म्हणाला, “पहिला तासभर आम्ही फक्त लाल दिवे पाहिले. पण प्रत्येक दिव्यागणिक काय करायचे नाही, ते कळत गेले.” एकजण घसरला की पाचही जण बाहेर, हा नियम ऐकून मला आमच्या खो-खोच्या सरांची आठवण झाली.

आता थोडे कुलपांविषयी. तीन आकडी कुलपाच्या एकूण शक्यता किती? ००० ते ९९९ अशा १०००. एका आकड्याला दोन सेकंद धरले तर सर्व शक्यता पडताळायला सुमारे तेहेतीस मिनिटे लागतील. चार आकडी कुलपाच्या १०,००० शक्यता, म्हणजे साडेपाच तासांहून अधिक. तेव्हा नुसते फिरवत बसण्यात अर्थ नाही. परंतु तीनांपैकी दोन आकडे कळले असतील, तर तिसरा शोधण्यासाठी खोली धुंडाळण्यात पाच मिनिटे घालवणे हा शुद्ध वेडेपणा, कारण उरतात दहाच शक्यता, म्हणजे वीस सेकंदांचे काम. आकडे तिन्ही ठाऊक आहेत, पण क्रम ठाऊक नाही? तीन वेगवेगळ्या आकड्यांचे सहाच क्रम होतात, चारांचे चोवीस. ज्याला एवढे गणित येते, त्याने कुलपापाशी उभे राहावे. बाकीच्यांनी शोधावे.

सगळीच कुलपे डोळ्यांना दिसत नाहीत. एखादी लाकडी मूर्ती विशिष्ट चौथऱ्यावर ठेवली की पलीकडचा कप्पा आपोआप उघडतो आणि सारे जण “अरेच्या!” म्हणतात. त्यात जादू नसते. मूर्तीच्या तळाशी चुंबक असते आणि चौथऱ्याखाली एक बारीक काचेची नळी. नळीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या किंचित अंतरावर असतात. चुंबक जवळ आले की त्या एकमेकींना चिकटतात, विजेचे मंडल पूर्ण होते आणि पुढचे काम होते. मोठ्या दारांना विद्युतचुंबकी कुलूप असते. वीज वाहते तोवर ते दार धरून ठेवते, वीज तोडली की सोडते. ह्या शेवटच्या वाक्याचे महत्त्व पुढे येईल.

कोडी कशी रचावीत, ह्याचेही शास्त्र होऊ पाहत आहे. स्कॉट निकोल्सन ह्या प्राध्यापकाने २०१५ साली निरनिराळ्या देशांतल्या १७५ केंद्रांची पाहणी केली. एकामागून एक सुटणारी कोडी, एकदम खुली असलेली कोडी आणि स्वतंत्र वाटांनी जाऊन शेवटी एकत्र येणारी कोडी असे रचनेचे प्रकार त्यातून पुढे आले. पहिल्या प्रकारात एक जण डोके चालवतो आणि पाच जण त्याच्या खांद्यावरून पाहतात. आमच्यासारख्या सहा जणांच्या घोळक्याला तिसरा प्रकार मानवतो, कारण त्यात कोणालाही रिकामे उभे राहता येत नाही.

आम्ही पुण्यातल्या एका खोलीत गेलो, तेव्हा माणशी साडेसहाशे रुपये पडले. खोली छान होती, सजावट झकास होती, आणि तिथली एकूणएक कोडी इंग्रजीत होती. आमच्या आठ जणांच्या कंपूतले दोघे आलेच नाहीत. दोघेही वसतिगृहात राहतात. एकाने पोट बिघडल्याचे सांगितले आणि दुसरीने ट्यूटोरियलचे. साडेसहाशे रुपयांत वसतिगृहाची खाणावळ किती दिवस चालते, हे आम्हां सर्वांना ठाऊक असल्यामुळे पोटाची आणि ट्यूटोरियलची अधिक चौकशी कोणी केली नाही. पण परतीच्या बसमध्ये आमच्यातला इतिहासवाला म्हणाला, “आपण आपलीच खोली करू. कॉलेजात. फुकट.” आणि स्नेहसंमेलनात तशी खोली झाली.

तत्पूर्वी मानसशास्त्राच्या बाईंनी आम्हांला बसवून दोन प्रयोग सांगितले. त्यांच्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. पहिला प्रयोग नॉर्मन मायर ह्यांचा, १९३१ सालचा. छताला दोन दोऱ्या लटकत आहेत. त्यांची टोके एकमेकींना बांधायची, पण एक धरून दुसरीपर्यंत हात पोचत नाही. खोलीत पक्कड व इतर काही वस्तू आहेत. उत्तर असे की, पक्कड एका दोरीला बांधायची, तिला लंबकासारखा झोका द्यायचा, आणि दुसरी दोरी धरून उभे राहायचे. अनेकांना हे सुचले नाही, कारण पक्कड म्हणजे खिळे उपटण्याचे हत्यार, हे डोक्यात घट्ट बसलेले. मग मायर सहज जाता जाता दोरीला धक्का लावून तिला हलवीत. त्यानंतर पुष्कळांना उत्तर सुचे, आणि गंमत ही की, आपल्याला कशामुळे सुचले, हे त्यांतल्या बहुतेकांना सांगता येत नसे. चांगला नियंत्रक सूचना देतो ती अशी.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या स्टासर आणि टायटस ह्या दोघांचा, १९८५ सालचा. विद्यार्थ्यांच्या चारचार जणांच्या गटांना विद्यार्थी-प्रतिनिधीच्या निवडणुकीतल्या तीन काल्पनिक उमेदवारांची माहिती दिली. काही माहिती चौघांनाही सारखी, काही प्रत्येकाला वेगळी. चौघांनी आपापले तुकडे एकत्र केले असते तर एक उमेदवार स्पष्टपणे सरस ठरत होता. पण चर्चा होई ती मुख्यत्वे सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींची. एकट्यादुकट्याजवळचा तुकडा बोललाच जात नसे, किंवा बोलला गेला तरी तिथेच विरून जाई, आणि बहुतेक गट दुसऱ्याच उमेदवाराला निवडून मोकळे होत. सुटकेच्या खोलीत ह्याहून वेगळे काही घडत नाही. तिथे ज्ञान कमी पडते असे क्वचितच होते. ते सहा जणांच्या खिशांत सहा तुकड्यांनी पडून राहते.

आमची खोली म्हणजे भूगोल विभागाची जुनी नकाशांची खोली. खर्च आठशे रुपयांच्या आत. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली तीन आकडी कुलपे, एक विजेरी, एक पत्र्याची ट्रंक आणि बाकी सारे घराघरांतून गोळा केलेले. वेळ अर्धा तास. कोडी मराठीत. इतिहासवाल्याने महानुभाव पंथीयांच्या सकळ लिपीची कल्पना उचलली. आपले ग्रंथ परक्याच्या हाती लागले तरी वाचता येऊ नयेत म्हणून ह्या पंथाने सांकेतिक लिप्या वापरल्या. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, हे तिचे तत्त्व. ती उलगडून अभ्यासकांपुढे आणण्याच्या कामात विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी पुढाकार घेतला. आम्ही अर्थातच तिची अगदी बाळबोध नक्कल केली, नाहीतर अर्ध्या तासाऐवजी अर्धे शतक द्यावे लागले असते.

उत्तम कोडे मात्र ‘पोट बिघडलेल्या’ मित्राचे. तो सिंधुदुर्गातला. त्याने एका जुन्या पोस्टकार्डावर एकच वाक्य लिहिले: ‘तिठ्यावर पंचनामा झाला, नवरा-बायको चौकटीत उभे राहून बघत होते.’ एवढेच. ह्यातून चार आकडी कुलूप उघडायचे. वाचकहो, क्षणभर थांबून पाहा. तिठ्यातले तीन, पंचनाम्यातले पाच, नवऱ्यातले नऊ आणि चौकटीतले चार: ३५९४. ‘नवरा’ ह्या शब्दाचा नऊ ह्या आकड्याशी व्युत्पत्तीने काडीचाही संबंध नाही, हे मराठीच्या सरांनी आम्हांला तत्काळ ऐकवले. संबंध नाही हे खरे, पण कुलूप उघडते हेही खरे. शहरात वाढलेल्या एका गटाला ‘तिठा’ म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, हे ठाऊकच नव्हते. त्यांनी ५९४ काढले, पहिल्या आकड्याच्या दहा शक्यता फिरवून पाहिल्या आणि कुलूप उघडून चालते झाले. गणिताने मराठीवर केलेली ही मात सिंधुदुर्गच्या लेखकाला अजून मान्य नाही.

दुसरे कोडे होते भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे. घरोघरी दूधवाल्याचा हिशेब जसा दिनदर्शिकेवर मांडतात, तसा तो मांडला होता. रोज एक लिटर, आणि तीन तारखांवर फुली. फुली म्हणजे खाडा. त्या तीन तारखा म्हणजे ट्रंकेचा आकडा. पडद्याआड घड्याळ घेऊन मी नियंत्रक म्हणून बसत असे, त्यामुळे सगळे गट मला दिसत. एका गटात तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर प्रथम वर्षाची एक मुलगी होती. चौदाव्या मिनिटाला ती दिनदर्शिकेपाशी उभी राहून म्हणाली, “दादा, इथे दुधाचे खाडे आहेत.” दादा ट्रंकेवर ओणवा होऊन आपली जन्मतारीख, कॉलेजचे स्थापनावर्ष आणि प्राचार्यांच्या गाडीचा क्रमांक लावून पाहत होता. बाविसाव्या मिनिटाला ती पुन्हा म्हणाली. ह्या वेळी एकाने “हो हो” म्हटले आणि तो विजेरी घेऊन खिडकीकडे गेला. सूचना द्यावी असे माझ्या तोंडाशी आले होते. मी दिली नाही, कारण गटाने ती मागितली नव्हती आणि नियम तसा होता. पंचविसाव्या मिनिटाला ती मुलगी काही बोलली नाही. तिने दिनदर्शिका खिळ्यावरून काढली, नेऊन दादाच्या दोन हातांच्या मधोमध ट्रंकेवर ठेवली आणि फुल्यांवर बोट ठेवले. दोन मिनिटे शिल्लक असताना ते बाहेर आले. दादाने बाहेर येताच सर्वांना सांगितले की, “खाडे हिने शोधले.” हे मला आवडले. तो मनाने वाईट नव्हताच, त्याला आत ऐकू येत नव्हते इतकेच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रत्येक गटाला आत सोडताना दोन गोष्टी सांगू लागलो. जे सापडेल ते मधल्या टेबलावर आणून ठेवायचे, स्वतःच्या हातात ठेवायचे नाही. आणि कोणी काही सांगितले की दुसऱ्या एकाने ते मोठ्याने परत म्हणायचे. एवढ्याने गटांची चाल पुष्कळ सुधारली. पहिल्या दिवशी सहांपैकी एक गट सुटला होता, दुसऱ्या दिवशी पाचांपैकी तीन. कोडी तीच होती. आतून फुटलेली एखादी बातमी ह्या यशात मिसळलेली नसेल, अशी खात्री मात्र मी देणार नाही, कारण आमच्या कँटीनमध्ये कोणतेही गुपित दोन कप चहापेक्षा जास्त टिकत नाही.

एका बाबतीत आम्ही हटवादी राहिलो. आमच्या खोलीचे दार कधीच लावले नाही. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन येथे अशाच एका खोलीत पाच मुली वाढदिवस साजरा करायला गेल्या होत्या. पाचही जणी पंधरा वर्षांच्या. बाहेरच्या बाजूला, खोली तापवण्यासाठी ठेवलेल्या गॅसच्या उपकरणामुळे आग लागली. कर्मचारी भाजला आणि त्याला आत पोचता आले नाही. मुलींना आतून दार उघडता आले नाही, आणि विषारी वायूने त्या पाचही जणी गेल्या. त्यानंतर पोलंडभर अशा खोल्यांची तपासणी झाली आणि अनेक बंद कराव्या लागल्या. जिथे पैसे घेऊन माणसांना आत सोडतात, तिथे दार आतून एका हाताने उघडले पाहिजे. विद्युतचुंबकी कुलूप असेल तर त्याची वीज तोडणारे बटण आत, हाताशी आणि खुणेसह असले पाहिजे. वीज गेली तर कुलूप आपोआप सुटले पाहिजे. खेळायला जाल तेव्हा कोडी किती कठीण आहेत, हे नंतर विचारा. आधी दार ढकलून पाहा आणि ते बटण दाबून दाखवायला सांगा. जो दाखवायला कुरकुरेल, त्याच्याकडून पैसे परत घ्यावेत.

आम्ही दाराऐवजी एक जुनी सतरंजी टांगली होती. कोणीही केव्हाही ती बाजूला सारून बाहेर येऊ शकत होते, आणि तरीही अर्धा तास संपेपर्यंत एकही जण बाहेर आला नाही. फक्त एकदा एक प्राध्यापक महाशय तास असल्याची आठवण होऊन पंधराव्या मिनिटाला बाहेर पडले. तास संपवून ते परत आले तेव्हा त्यांचा गट सुटून कँटीनला गेला होता.

ट्रंक, कुलपे आणि पोस्टकार्ड सध्या भूगोल विभागाच्या कपाटात आहेत. पुढच्या वर्षी नवे वाक्य लागेल, कारण ३५९४ आता सर्वांना पाठ झाले आहे. ‘ट्यूटोरियल’वाल्या मैत्रिणीने ‘सातबारा’ आणि ‘षट्‌कार’ हे शब्द आधीच आपल्या नावावर राखून ठेवले आहेत.